तळहातावर मावणाऱ्या जुन्या मोटारी

नमस्कार मंडळी. मी आत्ता हे बोलतोय तेव्हा माझ्यासमोर, माईकच्या अगदी शेजारी, एक मोटार उभी आहे. माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, काळी कुळकुळीत, पुढे पितळी रंगाचा रेडिएटर, वर कापडी टप, पांढुरके बारीक टायर आणि प्रत्येक चाकाला बारा बारा आरे, मोजून बघितलेत. उलटी केली की पोटाखाली बारीक अक्षरात कोरलंय, फोर्ड मॉडेल टी, १९०९. आणि आज मला तुमच्याशी जे बोलायचंय ते सगळं या एका आकड्यापासून सुरू होतं, कारण ही गाडी १९०९ ची नाहीच.

कसं ते सांगतो. मॉडेल टी बाजारात आली ऑक्टोबर १९०८ मध्ये आणि १९२७ पर्यंत ती बनत राहिली, दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलेलं असतं की मॉडेल टी म्हणजे काळी. पण सुरुवातीची काही वर्षं ती काळ्या रंगात मिळतच नव्हती, लाल होती, करडी होती, हिरवी होती, निळी होती. काळा आणि फक्त काळा हा प्रकार सुरू झाला १९१४ पासून, तो साधारण १९२५ पर्यंत चालला. म्हणजे माझ्या टेबलावरची गाडी काळी आहे तर ती १९१४ च्या आधीची नको. बरं, पुढची बाजू कुठवर? तर रेडिएटर बघा. पितळेचा रेडिएटर १९१६ पर्यंत होता, त्यानंतर तोही काळा झाला. म्हणजे आपण दोन-तीन वर्षांच्या आत आलो. आता दिवे. या मॉडेलच्या डाव्या फूटबोर्डावर एक छोटासा डबा आहे, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि तिथून एक केसाएवढी नळी पुढच्या दिव्यांकडे जाते. तो डबा म्हणजे कार्बाईडचा जनरेटर. त्यात कार्बाईडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन गॅस तयार व्हायचा आणि तो दिव्यात जळायचा, हेडलाईट म्हणजे खरोखरची गॅसबत्ती होती ती. १९१५ च्या मॉडेलपासून फोर्डने पुढचे दिवे विजेचे केले. मग काय राहिलं? १९१४.

आणि शेवटचा पुरावा मला सगळ्यात जास्त आवडतो. भिंग घेऊन डावीकडचं पुढचं दार बघितलं तर ते दार नाहीये! नुसती दाराची रेघ आहे पत्र्यावर, कडी नाही, बिजागरी नाही. अमेरिकेत बनलेल्या टूरिंग, म्हणजे वर कापडी टप असलेल्या उघड्या मॉडेल टी ला खरोखर असंच होतं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार नुसतं पत्र्यात उठवलेलं असायचं, कारण तिथे हँडब्रेकचा दांडा आडवा यायचा आणि ड्रायव्हर तसाही उजवीकडूनच चढायचा. १९०९ च्या गाडीला तर पुढे दारं बिरं काहीच नव्हती. म्हणजे बघा, ज्या माणसाने या मॉडेलचा साचा केला त्याने १९१४ ची खरी गाडी नीट बघून, मापं घेऊन काम केलंय, त्याने दाराची खोटी रेघसुद्धा सोडली नाही. चूक झाली ती फक्त पोटावर साल कोरताना.

हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी रात्री बराच वेळ जागा होतो. तोपर्यंत मी मॉडेल्स घेत होतो म्हणजे काय, दिसली छान, आवडली, आणली, कपाटात ठेवली. त्या रात्रीनंतर मी गाड्या वाचायला लागलो. आणि माझं आता अगदी ठाम मत आहे की या छंदात किती मॉडेल्स आहेत याला फारसा अर्थ नाही, एका मॉडेलकडे तुम्ही किती वेळ बघितलंत याला आहे.

आता ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी स्केल म्हणजे काय ते पटकन सांगून टाकतो. १:४३ म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याएवढी, १:२४ म्हणजे चोविसाव्या, १:१८, १:८ असंच पुढे. मॉडेल टी चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, १०० इंच होता, २५४० मिलिमीटर. १:४३ मध्ये तो होतो ५९ मिलिमीटर, १:२४ मध्ये १०६, १:१८ मध्ये १४१. हा ४३ चा विचित्र आकडा आला कुठून असं सगळेच विचारतात, तर तो आला खेळण्यातल्या रेल्वेकडून. ओ गेज नावाच्या आगगाड्यांमध्ये एका फुटाला सात मिलिमीटर असं प्रमाण होतं, त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी लागायच्या, म्हणून त्या मापाच्या मोटारी झाल्या आणि मग आगगाडी बाजूला राहिली आणि मोटारींचा स्वतंत्र संसार सुरू झाला.

पण लहान करणं म्हणजे नुसता भागाकार नाही हे मात्र लक्षात घ्या. लाकडी चाकाचा आरा समजा तीन सेंटीमीटर जाडीचा असेल तर १:४३ मध्ये तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही. आणि रंगाचं तर उलटंच गणित आहे. मॉडेलवर एक दशांश मिलिमीटरचा रंगाचा थर बसला तर खऱ्या गाडीच्या हिशोबात तो चार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे भिंतीला गिलावा केल्यासारखा! म्हणून जाड रंगाचं मॉडेल लांबून चकचकीत दिसतं आणि जवळून बघितलं की दाराच्या फटी बुजलेल्या, बॉनेटच्या झरोक्यांच्या कडा गोल झालेल्या. घेताना मी पहिल्यांदा हेच बघतो, रंग पातळ आहे का.

जुन्या मोटारींच्या मॉडेल्सचं वेड घराघरात पोचवलं ते मुख्यतः इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने. मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्या करणारी तीच. १९५६ मध्ये त्यांनी मॉडेल्स ऑफ यस्टरइयर नावाची मालिका काढली, त्यामागे जॅक ओडेल हा साचे करण्यात हात बसलेला इंजिनिअर होता, आणि त्या मालिकेत ट्रॅक्शन इंजिन, लंडनची बस, ट्राम अशा जुन्या गाड्यांपासून सुरुवात झाली. त्यांचं एक होतं की सगळी मॉडेल्स साधारण एकाच मापाच्या खोक्यात बसायला हवीत, त्यामुळे स्केल प्रत्येकाचं वेगळं. मोठी रोल्स आणि छोटी फोर्ड शेजारी ठेवल्या की दोन्ही सारख्याच उंचीच्या दिसतात, आणि हे एकदा डोळ्याला जाणवलं की मग जाणवतच राहतं. पुढे साठच्या दशकात इटलीतल्या रिओने १:४३ मध्ये जुन्या गाड्या काढल्या, एकाच स्केलमध्ये, बारीक तारांच्या आऱ्यांची चाकं लावून. इटलीतल्याच पोकरने १:८ चे किट काढले, त्यांची १९०७ ची रेसची फियाट जोडायची म्हणजे शेकडो सुटे भाग घेऊन महिनोन् महिने बसायचं, चाकाची एकेक तार ओवायची. आणि फ्रँकलिन मिंटची १:२४ ची मॉडेल्स, बॉनेट उघडणारी, इंजिनात वायरी दिसणारी, तीही खूप जणांच्या कपाटात आहेत. मला स्वतःला १:४३ च आवडतं. मोठ्यात तपशील जास्त असतो हे खरं, पण १:४३ मध्ये एका फळीवर तुम्ही अख्खी तीस वर्षं मांडू शकता.

आणि मांडणी हा तर माझा जीव की प्राण विषय.

बहुतेक जण देशाप्रमाणे मांडतात, किंवा कंपनीप्रमाणे, किंवा रंग जुळवून. मी पूर्वी तसंच करायचो. आता माझ्या वरच्या फळीवर गाड्या अशा उभ्या आहेत की डावीकडून उजवीकडे बघत गेलं की बग्गीची मोटार कशी झाली ते समोर घडताना दिसावं. पहिली आहे कार्ल बेंझची तीनचाकी, जिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं आहे. तीन चाकं का? कारण पुढची दोन चाकं एकदम नीट कशी वळवायची ते त्याला तेव्हा सुटलं नव्हतं, ते सुटलं १८९३ च्या सुमारास आणि मग त्याच्या गाड्या चारचाकी झाल्या. या मॉडेलला मागून बघायचं असतं, मी म्हणून तिला मुद्दाम पाठ वळवून ठेवलंय. मागे एक भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक आहे आणि ते जात्यासारखं आडवं पडलंय. इंजिनाचा पट्टा कुठून कुठे जातो, तिथून साखळ्या मागच्या दोन चाकांना कशा जोडल्यात, सगळं उघडं, काही झाकलेलंच नाही. स्टिअरिंग म्हणजे सीटसमोर उभा केलेला एक छोटा दांडा. खऱ्या गाडीची ताकद एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी होती.

याच घराण्यातली गाडी घेऊन ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ, कार्लची बायको, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रावण घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, चढावर मुलांनी उतरून गाडी ढकलली, आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मी मॉडेल हातात घेतो तेव्हा आधी ब्रेकचा ठोकळा शोधतो. सगळ्या मॉडेल्सवर तो नसतो, पण असतो तेव्हा मला ती बाई आठवते आणि फार बरं वाटतं.

बेंझच्या शेजारी ओल्ड्समोबिल कर्व्ह्ड डॅश, १९०१ ते १९०७ या काळातली. हिच्याकडे बघितलं की घोडा आत्ताच सोडून नेलाय असं वाटतं. पुढे पायाशी जी वळवलेली फळी आहे ना, घसरगाडीच्या तोंडासारखी, तो डॅश. बग्गीला ती फळी असायची ती घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून, आणि आज आपल्या गाडीत ज्याला डॅशबोर्ड म्हणतो तो शब्द तिथून आलाय. घोडा गेला, चिखल उडवणारं कुणी राहिलं नाही, फळी मात्र राहिली. हिलाही स्टिअरिंगचं चाक नाही, होडीच्या सुकाणूसारखा दांडा आहे, आणि इंजिन सीटखाली.

आणि तिच्या शेजारी मी लगेच १९०१ ची ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज ठेवलीय, मध्ये एक बोटभर जागा सोडून, कारण इथे उडीच आहे. त्याच साली ओल्ड्सची बग्गी आणि त्याच साली ही! लांबलचक, जमिनीला टेकलेली, इंजिन पुढे, बॉनेटखाली, तिरकं बसवलेलं स्टिअरिंगचं चाक. ही केली डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने, त्यांच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या आग्रहावरून, आणि नाव पडलं येलिनेकच्या मुलीचं, मर्सिडीज. पुढचा रेडिएटर मधाच्या पोळ्यासारखा आहे, खऱ्या गाडीत त्यात आठ हजारांवर चौकोनी बारीक नळ्या होत्या, सहा सहा मिलिमीटरच्या. आता सहा मिलिमीटरला त्रेचाळीसने भागा. मिलिमीटरचा सातवा हिस्सा. एवढं बारीक साच्यात उतरत नाही, म्हणून चांगले मॉडेल करणारे तिथे ॲसिडने कोरलेली धातूची जाळी बसवतात, आणि स्वस्तात काम उरकणारे नुसत्या चौकटी रेघा मारतात. रेडिएटरकडे तिरक्या नजरेने बघा, आत खोली दिसली तर जाळी आहे.

पुढे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, १९०७ ची, ती मूळची चंदेरी रंगाची गाडी, जिने त्या वर्षी जवळजवळ १५,००० मैलांची चाचणी दिली. इथे एक गंमत सांगतो, म्हणजे तपासायला शिकाल. रोल्सच्या रेडिएटरवर जी पंख पसरलेली बाई असते, स्पिरिट ऑफ एक्स्टसी, ती आली १९११ मध्ये. तर १९०७ ची घोस्ट म्हणून विकायला ठेवलेल्या मॉडेलच्या नाकावर ती बाई असेल तर करणाऱ्याने घाई केलीय. माझ्याकडच्या एका मॉडेलवर ती होती. मी ती काढली नाही, कारण ओढून काढताना रेडिएटरचा मुलामा गेला असता, पण खाली चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

तशाच आणखी दोन-तीन खुणा आहेत. पुढे खाली इंजिन फिरवायचं हँडल हवंच, कारण सेल्फ स्टार्टर आला १९१२ मध्ये, कॅडिलॅकवर, आणि सगळीकडे पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. टायर पांढुरके किंवा राखाडी असले तर घाबरू नका, तेच बरोबर आहे, रबरात काजळी मिसळून काळे टायर करायची पद्धत नंतर रुळली. आणि सुरुवातीच्या मॉडेल टी चे पुढचे टायर ३ इंची आणि मागचे साडेतीन इंची होते, १:४३ मध्ये हा फरक जेमतेम नखाच्या जाडीएवढा, तरी काही जणांनी तो पाळलाय आणि अशा माणसांना माझा दंडवत.

आता जपण्याबद्दल. हे मी थोडं जास्त वेळ बोलणार आहे कारण इथे माझं नुकसान झालंय आणि तुमचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एकदा एका रोल्सचे दिवे जरा मळकट वाटले म्हणून मी पितळेची भांडी घासायचं पॉलिश कापसावर घेतलं आणि दिवा चोळला. दोन मिनिटांत सोनेरी रंग कापसावर आला आणि खाली पांढरं प्लास्टिक. मॉडेलवरचं पितळ हे बहुतेक वेळा पितळ नसतंच, प्लास्टिकवर दिलेला अत्यंत पातळ मुलामा असतो, आणि तो एकदा गेला की गेला. तेव्हापासून माझ्याकडे फक्त मऊ केसांचा मेकअपचा ब्रश आहे, तोही वरून खाली, हलका. पॉलिश नाही, ओलं फडकं नाही. आणि उचलताना गाडी चेसिसला, म्हणजे पोटाखालच्या सांगाड्याला, खालून दोन बोटांनी धरायची, दिव्याला किंवा टपाला कधीच नाही, हातातलं घड्याळ अंगठी आधी काढून ठेवायची.

दुसरं दुखणं जास्त वाईट आहे. मी एक जुनं मॉडेल दुसऱ्याच्या संग्रहातून घेतलं, फोटोत उत्तम दिसत होतं, घरी आल्यावर चेसिसवर एक केसासारखी भेग दिसली. सहा महिन्यांत मडगार्ड वाकडं झालं, वर्षभरात एक तुकडा हातात आला, बिस्किटासारखा भुसभुशीत. याला झिंक पेस्ट म्हणतात, इंग्रजीत पेस्ट म्हणजे कीड, पण खरी कीड वगैरे काही नसते. डायकास्ट मॉडेल जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्या ओतकामात शिशासारखी भेसळ गेली की धातू आतल्या आत कणाकणाच्या कडांनी कुजत जातो, फुगतो, फुटतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांमध्ये हे खूप दिसतं. औषध नाही. दमट हवेत ते वेगाने वाढतं एवढंच, म्हणून कपाट कोरडं ठेवायचं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या वेळेवर बदलायच्या. शेजारच्या मॉडेलला हे लागत नाही, तेव्हा घाबरून सगळं कपाट रिकामं करू नका. घेताना मात्र भिंगाने चेसिस बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

टायरचं वेगळंच. मऊ प्लास्टिकच्या टायरमधला तेलकट अंश वर्षानुवर्षं बाहेर येत राहतो आणि ज्या प्लास्टिकवर गाडी उभी आहे त्याला विरघळवतो, कधी कधी चाकाची रिमच खातो. गाडी उचलली की बैठकीवर चार खळगे. यावर सोपा उपाय, चेसिसखाली एक छोटा ठोकळा ठेवून चाकं बैठकीपासून कागदभर उचलायची, बघणाऱ्याला कळतही नाही. ऊन तर अजिबात नको, लाल रंग सगळ्यात आधी उडतो. कपाटाला एलईडी लावा, तेही बघायच्या वेळेपुरते. आणि शिसं-कथिलाची, व्हाईट मेटलची मॉडेल्स असतील तर ओक लाकडाच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका, त्या लाकडातून आम्लाच्या वाफा येतात आणि शिशावर पांढरी पूड धरते. काच आणि धातूचं कपाट त्याला बरं.

मांडताना दोन गोष्टी कराच. एक, मुख्य फळी डोळ्याच्या उंचीवर. वरून बघितलं की मोटार खेळणं दिसते, समोरून बघितलं की मोटार दिसते, एवढा फरक आहे. दुसरी, प्रत्येक फळीवर त्याच स्केलचा एक माणूस उभा करा. १:४३ मध्ये साधारण उंचीचा माणूस चार सेंटीमीटर होतो. तो बेंझच्या तीनचाकीशेजारी उभा राहिला की कळतं की मागचं चाक त्याच्या कमरेच्या वर येतंय, आणि त्या सीटवर चढून बसणं किती धाडसाचं होतं. चिठ्ठी लिहाल तर नुसतं नाव आणि साल नको, एक ओळ अशी लिहा की ती वाचून माणूस परत वाकून बघेल. माझ्या मॉडेल टी च्या चिठ्ठीवर पूर्वी लिहिलं होतं, तीन पेडल, डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, ॲक्सिलरेटर शोधा. तो पायाशी सापडत नाही, स्टिअरिंगखाली एक दांडी आहे, ती. लहान मुलं ती दांडी शोधताना काचेला नाक लावतात.

तर ही माझी टेबलावरची काळी गाडी. आज इथून गेल्यावर ती परत तिच्या जागी जाईल, फळीवर शेवटून दुसरी. पोटाखालचा १९०९ मी खोडलेला नाही, ज्याने कोरला त्याचं ते काम आहे, तसंच राहू दे. तिच्या खाली मी एक छोटा आरसा ठेवलाय म्हणजे तो आकडा वाचता येतो, आणि डावी बाजू लोकांकडे वळवलीय, ते नसलेलं दार दिसावं म्हणून. चिठ्ठी मात्र बदलली. आता तिच्यावर एवढंच आहे, पोटावर लिहिलंय १९०९, गाडी म्हणते १९१४, तुम्हाला काय दिसतंय? नमस्कार.